खालूनच बोला

“ताई, तुम्ही खालूनच बोला. ऐकू येतंय आम्हाला.”

लई गोड आवाजात म्हणली ती बाई. हसून म्हणली. माझी एक चप्पल काढून झाली होती, दुसरी पायातच होती. एक पाय तापलेल्या फरशीवर, एक पाय चपलीत आणि काखेत चित्रांचे मोठे तक्ते. मी तशीच थांबले. मला आधी कळलंच नाय. वाटलं, वर जागा नसंल. मान उंच करून बघितलं तर सभामंडप अर्धा रिकामा होता.

मग कळलं.

गाव फुलंब्रीच्या पुढं. नाव सांगत नाय. एका गावाचं नाव घेतलं की बाकीची गावं हात झटकून मोकळी होतात.

मी तेव्हा एका संस्थेत होते. ऑफिस गारखेड्यात, दुसऱ्या मजल्यावर. काम काय, तर गावोगाव जायचं, पोरींना गोळा करायचं, बोलतं करायचं. पाळीवर, शाळा सुटण्यावर, लवकर लावलेल्या लग्नावर, मोबाईल हातातून काढून घेण्यावर. आणि पोरी जे बोलतील त्यातून एक पुस्तिका तयार करायची. पोरींशी कसं बोलायचं, सुरुवात कुठून करायची, कोणता प्रश्न आधी विचारायचा, असं सगळं त्यात. ती छापून तालुक्या-तालुक्यात जाणार आणि माझ्यासारख्या बायका ती हातात धरून काम करणार. त्या बायकांना ऑफिसात संवादिका म्हणायचे. गावात नुसतं ताई.

तर ही संवादिका खाली उभी.

मंदिर नवंच बांधलेलं. चकचकीत फरशी, स्टीलचं रेलिंग, आणि पायरी-पायरीवर देणगी देणाऱ्याचं नाव कोरलेलं. सगळ्या गावाचे पाय त्या नावांवर पडतात, शेणा-मातीचे सुद्धा. त्याला कुणाची हरकत नाय. माझा पाय तेवढा चालत नव्हता.

ती बाई म्हणजे गावातल्या वजनदार घरातली. सगळं गाव तिला काकू म्हणतं. पोरी तिनंच गोळा केल्या होत्या, चहाबी तिच्याच घरून येणार होता. मला तिनं माझं आडनाव आल्या-आल्या विचारलं होतं. मी सांगितलं होतं. “व्हय का? बरं बरं,” म्हणली होती. तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. आमच्याकडं आडनाव विचारतात ते काय पाहुणचारासाठी विचारत नाय.

त्या गावातल्या आमच्या लोकांच्या वस्तीतली एकबी पोरगी आली नव्हती. निरोप गेला होता म्हणे. त्या पोरी माझ्यापेक्षा हुशार. त्यांना सभामंडप म्हणल्यावरच समजलं.

मी बोलले खालून. काय करणार? ऑफिसची जीप कोपऱ्यावर उभी, फोटो काढायचेत, अहवाल द्यायचाय. तक्ता डोक्यावर धरायचा तेव्हा वरच्या पोरींना दिसायचा. हात भरून आले. वरून बारा-पंधरा पोरी खाली बघतायत, आणि मी मान वर करून सांगतेय, पाळी म्हणजे विटाळ नाय, शरीराचा धर्म आहे, त्यात लाजायचं काय. माझाच आवाज मला नकली वाटायला लागला.

तेवढ्यात बाजूला हालचाल झाली. बघितलं तर खाली मी एकटी नव्हते. भिंतीला टेकून एक पोरगी उभी होती. नववी-दहावीतली असंल. ओढणीचं टोक दातात. नाव शीतल. काकूच्याच दिराची पोरगी, म्हणजे घरातलीच. ती हळूच सरकत माझ्याजवळ आली आणि कानाशी लागून म्हणली,

“ताई, माझे अजून दोन दिवस हायेत. तुमचे किती राहिले?”

अगं माय गं.

तिला पाळी आली होती म्हणून ती खाली. पाळीवर बोलायची बैठक, आणि जिला पाळी आलीय तिला बैठकीत जागा नाय. आणि त्या पोरीला वाटलं, ताईबी तशीच. ताईलाबी अडचण असंल, म्हणून ताई खाली. दुसरं काय कारण असणार? बिचारीला दुसरं कारण ठाऊकच नव्हतं. की ठाऊक होतं आणि माझ्याबाबतीत सुचलं नाय? ताई शहरातली, ताईचा ड्रेस इस्त्रीचा, ताईच्या गळ्यात ओळखपत्र.

मी म्हणलं, “माझे सरत नसतात गं. माझे जन्माचे.”

ती हसली. तिला वाटलं, ताई मस्करी करते. मग माझ्या तोंडाकडं बघून तिचं हसू गेलं.

परतीच्या जीपमध्ये मी खिडकीबाहेरच बघत बसले. चहा तिथंच आला होता, मला कागदी कपात, बाकीच्यांना कपबशीत. तो मी प्याले नव्हते. ड्रायव्हर दोनदा म्हणला, तबियत ठीक नै क्या मॅडम? मी मान हलवली. आत नुसतं पेटलं होतं. राग काकूचा होता, ऑफिसचा होता, आणि त्या काढलेल्या एका चपलीचा लई होता. ती मी गुपचूप परत पायात घातली होती, कुणी बघत नसल्यासारखी.

घरी आईला सांगितलं. आम्ही मुकुंदवाडीत भाड्यानं राहतो, आई चिकलठाण्याच्या कंपनीत पॅकिंगला जाते. ती भाकरी थापत होती. थापता-थापता थांबली.

“काय म्हणली ती? तसंच सांग, जसंच्या तसं.”

मी सांगितलं.

“खालून बोला म्हणली. तू हायेस कोण म्हणून खाली, हे म्हणली का?”

“नाय. तेवढं कोण म्हणतं आता?”

“हां. म्हणायचं नाय आणि करायचं सोडायचं नाय. आमच्या वेळेला तोंडावर म्हणायचे गं, निदान भांडता तरी यायचं.” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “नाक दाबल्याबिगर तोंड उघडत नसतं, बाई.”

मैत्रीण म्हणली, केस कर. केस? काय लिहून देऊ? ‘ताई, खालून बोला, ऐकू येतंय’ यात शिवी कुठाय? जातीचं नाव कुठाय? बाई हसत होती. चहा पाजला तिनं. गोड आवाजाचा काय पंचनामा करणार?

दुसऱ्या दिवशी ऑफिस. आमच्या मॅडम. पुस्तिका त्याच लिहीत होत्या. वाईट बाई नाय हां. मुळीच नाय. तीच तर अडचण. वाईट असत्या तर मी कधीच दोन हात केले असते. मला लॅपटॉप चालवायला त्यांनी शिकवलं, दिवाळीला साडी द्यायच्या, ‘तू तर आमच्या घरचीच’ म्हणायच्या. मी सगळं सांगितलं. पायरीचं, शीतलचं, कागदी कपाचं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

“अगं, तू फार मनाला लावून घेतेस. मोठं चित्र बघ ना. आपल्याला मुलींपर्यंत पोचायचंय. मंदिर म्हणजे गावाचं केंद्र, सगळ्या मुलींना तिथं पाठवायला घरचे तयार होतात. चार पायऱ्या खाली उभं राहिल्यानं काय बिघडतं?”

मी म्हणलं, “मॅडम, तुम्ही उभ्या राहिल्या होतात का कधी?”

“मला कुणी सांगितलं नाही म्हणून. सांगितलं असतं तर राहिले असते.” खरंच मनापासून म्हणल्या. मग जरा थांबून म्हणल्या, “आणि तुम्ही लोक तर देव मानतच नाही ना? मग मंदिरात जायचं कशाला?”

तुम्ही लोक.

कालपर्यंत घरची होते.

मी म्हणलं, “मी देवाला नव्हते गेले. मी बौद्ध आहे, तुमच्या देवाकडं माझं काय काम नाय. मला तुम्ही पोरींशी बोलायला पाठवलं होतं. पोरी वर होत्या.”

त्या म्हणल्या, बघू, काढू काहीतरी मार्ग.

मार्ग काढला त्यांनी. पुस्तिकेचा नवा खर्डा आला. पहिल्या पानावर ‘मोकळेपणाने बोला’. जाड अक्षरात. पुढं पोरींचं बोलणं. मी आणलेलं बोलणं, पण धुऊन, इस्त्री करून. ‘माय म्हणती गप ऱ्हा’ याचं ‘कुटुंबात संवादाचा अभाव जाणवतो’ झालेलं. ते मी सोडून दिलं, छापील पुस्तकात असंच असतं म्हणून. मग शेवटी संवादिकांसाठी सूचना होत्या. त्यातलं एक वाक्य असं:

‘संवादिकेने गावातील रूढी-परंपरांचा मान राखून आपली जागा निवडावी.’

आपली जागा. मी ते परत वाचलं. परत वाचलं. त्या दिवशी मला एका बाईनं तोंडी सांगितलं होतं. आता ते छापून येणार होतं. सिल्लोडला जाणार, कन्नडला जाणार, पैठणला जाणार. माझ्यासारखी कुणीतरी नवी पोरगी, पहिली नोकरी, आई-बापानं पेढे वाटलेले, ती हे पुस्तक उघडणार आणि पायरीपाशी स्वतःच थांबणार. तिला कुणी काकू थांबवायचीबी गरज नाय. आमचंच पुस्तक थांबवणार. आणि त्यातलं निम्मं मी गोळा केलेलं.

मी मॅडमना म्हणलं, हे वाक्य काढा. त्या म्हणल्या, “एवढं काय त्यात? सगळ्यांसाठीच आहे ते.”

सगळ्यांसाठी! सगळ्यांना कुठं जागा निवडावी लागते?

छापायच्या आधी चाचणी ठरली. मुंबईहून पाहुणे येणार होते, पुस्तिकेला मदत करणारे. त्यांच्यासमोर एक बैठक करून दाखवायची. गाव कोणतं? तेच. काकू लई सहकार्य करतात म्हणून. आणि बोलणार कोण? मी. मॅडम म्हणल्या, तुझ्याइतकं छान कुणी बोलत नाही. मला झोप येईना, जेवण जाईना. आई म्हणली, जायचं नसंल तर जाऊ नको. मी म्हणलं, जायचंय.

गेलो. गाड्यांची रांग, पाहुण्यांना फेटे, पोरी नवे कपडे घालून. मंडपात सतरंज्या, गाद्या. बिनवायरचा माईक आणलेला. आणि खाली, पायऱ्यांच्या बाजूला, एक खुर्ची. लाल प्लास्टिकची. त्यावर पांढरा स्वच्छ टॉवेल. बाजूला पाण्याची सीलबंद बाटली.

काकू पुढं आल्या, माझा हात नाय धरला, पण हात जोडले. “या ताई. बघा, तुमच्यासाठी खास खुर्ची ठिवलीय आज. मागच्या टायमाला उभं ऱ्हावं लागलं तुम्हाला, मलाच कसंतरी झालं.”

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना खरोखर बरं वाटलं होतं. “बघितलंस? किती मान दिलाय. हळूहळू होतं गं सगळं.”

दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणतात ना. वीट डोक्यात घातली तर रक्त येत नाय का?

मॅडम चपला काढून वर गेल्या. पाहुणे वर गेले. एकानं तर मोजेबी काढले नाय, तसाच गेला. फोटोवाला वर गेला. मी त्या खुर्चीपाशी. सगळे बसले आणि माझ्याकडं बघायला लागले. माईक माझ्या हातात. त्या खुर्चीचा टॉवेल वाऱ्यानं हलत होता, आणि एका म्हातारीनं त्याला नीट बसवलं.

मी बसले नाय.

मी माईक तोंडाशी धरला.

“पोरींनो, आज पुस्तिकेतला पहिला धडा. मोकळेपणानं बोला. मी मोकळं बोलते. मला आज पाळी नाय. मी आंघोळ करून आलेय. माझी तब्येत ठणठणीत आहे. तरीबी मी खाली आहे. मी वर काहून नाय, हे मला माहीत नाय. काकूंना माहीत असंल. काकू, सांगा.”

आणि मी पायरीच्या कडेला वाकून माईक वर धरला. काकूच्या तोंडासमोर.

काकूचं हसू तसंच होतं, फक्त डोळे बदलले.

“अगं बाई, आम्ही कुठं काय म्हणलं? खुर्ची दिली की तुम्हाला.”

“खुर्ची दिली. खाली काहून दिली?”

“तशी रीतच हाय.”

“काय रीत हाय? पूर्ण सांगा. पोरी ऐकतायत.”

काकूनं तोंड उघडलं. मिटलं. गावातल्या चार माणसांकडं बघितलं. त्यातला एक खाकरला. एवढा एक शब्द होता. मी जन्मल्यापासून तो माझ्या अंगावर आहे, सगळ्या गावाला पाठ आहे, घराघरात स्वैपाक करता-करता म्हणतात. माईकवर येईना. झाकली मूठ उघडायची कुणाची तयारी नव्हती. मला त्या क्षणी कळलं. आजवर शरम मी बाळगत होते, आणि शब्द त्यांचा होता. त्यांनाच तो तोंडातून काढता येत नव्हता.

मॅडम वरून म्हणल्या, “प्लीज, हा विषय आज नको.”

“मॅडम, हाच विषय आहे. दुसरा कोणता आहे?”

“बंद कर रे ते,” खाकरलेला माणूस म्हणला. माईक बंद झाला. मी तशीच बोलले. ओरडूनच बोलले. “पोरींनो, तुम्हाला चार दिवस खाली बसवणारं आणि मला कायम खाली ठेवणारं घर एकच आहे. तुम्ही विचारा घरी. काहून, एवढंच विचारा.”

शीतल वर बसली होती. काकूच्या शेजारी. तिचे दिवस नव्हते त्या वेळी. माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, उठंल. खाली येईल. काकूचा हात तिच्या मांडीवर होता. नाय उठली. मला तिचा राग आला, लई आला. अजूनबी कधी-कधी येतो. तिच्या जागी मी असते तर उठले असते का, ते मला सांगता येत नाय.

मी मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेले आणि तिथून एसटीनं शहरात आले.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. डोळे रडून सुजलेले. “मुलींचं किती नुकसान केलंस तू. ते गाव आता आपल्याला दारात उभं करणार नाही.”

“कोणत्या मुलींचं, मॅडम?”

“सगळ्या मुलींचं!”

“आमच्या वस्तीतल्या तर आल्याच नव्हत्या. त्या तुमच्या सगळ्यांत कधी होत्या?”

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. म्हणल्या, मी वाक्य मऊ केलंय, वाच. वाचलं. ‘संवादिकेने शक्यतो गावातील रूढी-परंपरांचा मान राखून आपली जागा निवडावी.’

शक्यतो!

हसू आलं मला. खरंच आलं. आमच्यासाठी कायदा झाला, घटना झाली, आणि गारखेड्याच्या दुसऱ्या मजल्यावर ‘शक्यतो’ झालं.

मी म्हणलं, “वाक्य काढा, नायतर मला काढा. दोघं एका पुस्तकात राहणार नाय.”

वाक्य राहिलं, मी निघाले. सुंठीवाचून खोकला गेला त्यांचा. निरोपाला त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणल्या, तू खूप पुढं जाशील, फक्त रागावर काम कर. मी म्हणलं, तेच करणार आहे.

पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर हसणाऱ्या पोरी आहेत, आतल्या पानावर ‘विशेष सहकार्य’ म्हणून माझं नावबी छापलंय. न विचारता. एका तालुक्याच्या ताईनं मला फोन केला, ती सूचना वाचून. नवीच आहे. आडनाव सांगितलं तिनं, मी ओळखलं. म्हणली, “ताई, आपली जागा निवडावी म्हणजे नेमकं कुठं बसायचं हो?” मी तिला सांगितलं, “जिथं सगळ्या पोरी बसल्यात तिथं. आणि कुणी अडवलं तर बैठक सुरू करायची नाय. तिथंच थांबून कारण विचारायचं.”

“आणि नाय सांगितलं तर?”

“तर परत विचारायचं. चारचौघांत.”

आता मी शिकवण्या घेते. सुट्टीच्या दिवशी गावं करते, स्वतःच्या तिकिटानं. संस्था नाय, पुस्तिका नाय, तक्ते नाय. त्या ताईसारख्या अजून दोघी-तिघी बरोबर येतात. आम्ही पोरींना सक्षम-बिक्षम करायला जात नाय. आम्ही विचारायला जातो. हे घर वर आणि हे खाली, काहून? ही पोरगी चार दिवस बाहेर, काहून? ती वस्ती बैठकीला आली नाय, काहून? लोक चिडतात. एका ठिकाणी अंगावर कुत्रं सोडलं. एका ठिकाणी सगळ्या बायका उठून गेल्या. जाऊ दे.

काकूच्या गावाला मी अजून गेलेले नाय. या रविवारी चाललेय. आई म्हणते, एकटी नको जाऊ. बरोबरच्या दोघी येतायत. मंदिराशी माझं काम नाय. मी काकूच्या दारात जाणार, अंगणात बाया असताना, शीतल घरात असताना. आणि तो शब्द तिच्या तोंडून वदवणार. गोड हसून नाय, रीत म्हणून नाय, पूर्ण, मोठ्यानं, पुतणीला ऐकू जाईल असा. ती म्हणणार नाय त्या दिवशी. मला माहीत आहे. मग मी पुढच्या रविवारी जाईन.